सुई न उचलणारे रायर

तंजावूरला बिऱ्हाड मांडल्यावर माझं पहिलं दूध उतू गेलं ते घरमालकांमुळे. विहिरीचा दोर कुठे ठेवलाय एवढंच विचारायला मी त्यांच्या खोलीत डोकावले होते. आत ग्रामोफोन वाजत होता. त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं आणि त्याच बोटाने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मी नवी भाडेकरू, त्यात बाविशीची, मुकाट्याने बसले. जरा वेळाने चुलीवरच्या दुधाची आठवण झाली. उठू लागले तर बोट पुन्हा वर. मग करपल्याचा वास आला. तो त्यांनाही आला, कारण त्यांचं नाक हललं. पण बोट खाली आलं नाही. गाणं संपलं, गाणाऱ्या बाईने खणखणीत आवाजात इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगितलं, सुई आतल्या गुळगुळीत कड्यात नुसतीच खरखरत फिरू लागली, तेव्हा कुठे त्यांनी ती उचलली.

"आतां जा अम्मा," ते म्हणाले. "तुमचें दूध गेलें."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आधी का नाही उठू दिलंत?"

"गाणारीं अजून बोलत होतीं नव्हे? माणूस बोलत असतां उठून जाऊं नये."

आमच्या ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर ते पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. पातेलं घासून माझे हात दुखत होते.

गल्लीत त्यांना प्लेट रायर म्हणत. तिकडचे तमिळ लोक मराठी ब्राह्मणाला रायर म्हणतात आणि ग्रामोफोनच्या तबकडीला प्लेट. दोन्ही मिळून हे नाव झालं होतं आणि खरं नाव फक्त टपालवाल्याला ठाऊक होतं. त्यांचं घराणं मराठी राजांच्या काळात तिकडे गेलेलं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला पोथीच कोणी वाचतंय असं वाटलं. फक्त वाक्याला हेल तमिळ. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. मी वाईची. माझ्या मराठीला ते 'देशावरची बोली' म्हणत आणि मी फार भरभर बोलते अशी त्यांची कायमची तक्रार होती.

साठी उलटलेला, काटकुळा, एकटा माणूस. नोकरी सारी दस्त नोंदणीच्या कचेरीत झालेली. ही जमीन याच्याकडे कोणाकडून आली, त्याच्याकडे कोणाकडून, हे तपासण्यात हयात गेली, आणि पेन्शन सुरू झाल्यावर तीच खोड प्लेटींकडे वळली. गाणं चांगलं की वाईट यावर ते फारसं बोलत नसत. ही कुठल्या गावी, कुठल्या खोलीत गायली गेली, मेणाच्या मूळ तबकडीवर कधी उतरली, कुठल्या देशात छापली, पहिल्या छपाईतली की मागाहूनची, हे त्यांना हवं असे.

प्लेट हातात आली की आधी ते ती नखाने वाजवत, बाजारात आपण मडकं वाजवून घेतो तशी. मग खिडकीशी जाऊन तिरपी धरत. गाण्याची शेवटची रेघ आणि मधलं लेबल यांच्यामध्ये एक गुळगुळीत कडं असतं. प्लेट लाखेची, आणि त्या कड्यात लाखेतच बारीक आकडे असतात; गाणं मेणावर उतरलं त्याच दिवशी कारागिराने खरवडलेले. ते वाचायला त्यांच्याकडे घड्याळजीचं भिंग होतं. आकडा वाचून ते सांगत की हे गाणं अमक्याच्या नंतर आणि तमक्याच्या आधी गायलेलं आहे, आणि हे तिघे त्या दिवशी मद्रासेला एकाच बाकावर आपली पाळी येईपर्यंत बसले असणार.

"लेबल म्हणजे कागद," ते म्हणत. "कागद कोणीही कोठेंही चिकटवील. आंकडा लाखेंत असतो. तो मूळ दस्त."

आणि शेवटी नाव का सांगायचं, तेही त्यांनीच मला सांगितलं. त्या जुन्या काळी मेणाच्या तबकड्या पेट्यांत भरून बोटीने विलायतेला, जर्मनीला जात. तिथे छापणाऱ्याला ना तमिळ येई ना मराठी. त्याने लेबल लावताना चूक करू नये म्हणून गाणाराच शेवटी ओरडून आपलं नाव सांगे. "म्हणून शेवटपर्यंत ऐकायचें, अम्मा. दस्ताची सही शेवटींच असते."

या खोडीपायी त्यांनी माणसं तोडली. कुंभकोणमचे एक वकील एकदा मोटारीतून आले होते. रेशमी फडक्यात गुंडाळलेली प्लेट त्यांनी अशी काही बाहेर काढली की जणू देव्हाऱ्यातला देवच. रायरांनी ती वाजवली, तिरपी धरली आणि म्हणाले, "गाणें छान. पण त्या बाईचें नव्हे. लेबल दुसऱ्या प्लेटीचें सोडवून इथें डकवलें."

"इतकी वर्षं मी लोकांना हीच म्हणून ऐकवतोय!"

"ऐकवा कीं. नांव तेवढें सांगूं नका."

वकील मी आणलेली कॉफी न घेता निघून गेले. तंजावुरात कॉफी न घेता उठणं म्हणजे संबंध संपल्यातच जमा. रायरांनी दोन्ही टंबलर स्वतःच संपवले आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुर्मिळ प्लेटीला ते पोलादी सुई कधी लावत नसत. पोलाद लाख खातं, म्हणत. वडवारू नदीच्या काठावरून बाभळीचे लांब काटे आणून ते उन्हात सुकवत, ब्लेडने तिरपे कापत आणि सुईच्या जागी लावत. काट्याचा आवाज इतका बारीक येई की कर्ण्यात डोकं घालून ऐकावं लागे. तरीही असली प्लेट वर्षातून एकदाच. "दर वेळीं थोडी जाते," ते म्हणत. "ऐकणें म्हणजे झिजवणेंच."

नव्या प्लेटी ते विकत घेत नसत, ते शोधत. दुसऱ्या लढाईच्या काळात लाख मिळेनाशी झाली तेव्हा दुकानदारांनी लोकांकडून जुन्या प्लेटी परत घेऊन वितळवायला पाठवल्या होत्या. त्यातून ज्या वाचल्या त्या लोकांच्या घरात घागरीखाली, बरणीवर, कुठे कुठे जाऊन पडल्या होत्या. त्यामुळे रायर कोणाच्याही घरी गेले की गप्पा मारता मारता घागर उचलून खाली बघत. माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी भाताच्या पातेल्यावरचं झाकणही उचललं होतं, आणि ते पितळेचं निघालं म्हणून चक्क हिरमुसले.

पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर तिचा फोटो होता. एकदा पावसाने सगळे घरातच अडकलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं की तुम्ही इतक्या लोकांचे आवाज जमवता, यांचा काही आहे का.

ते हातातला काटा कापत राहिले. "माणूस गेलें कीं आवाज आधीं जातो, अम्मा. तोंड राहतें, तें फोटोंत राहतें. ही मज हांक कशी मारायची, तें मज आतां येत नाही. आठवायला बसलों तर माझाच आवाज ऐकूं येतो."

तोवर मी त्यांना नुसतं तऱ्हेवाईक समजत होते.

पापनाशमला त्यांच्या लांबच्या नात्यातल्या अंबुबाई राहत. त्यांचे यजमान नरहरीराव तिरुवैयारूचे कीर्तनकार. ऐन तारुण्यात एकदा मद्रासेला जाऊन ते कर्ण्यात गाऊन आले, आणि प्लेट छापून येण्याआधीच तापाने गेले. अंबुबाई सतराच्या, मुलगा सेतू पाळण्यात. मग बोटीने जर्मनीहून प्लेट आली, लेबलावर नरहरीरावांचं नाव. मागोमाग पहिली लढाई लागली, ती जर्मन कंपनी इकडून उठली आणि पुन्हा त्या प्लेटी कधी आल्या नाहीत. त्या घरात ती प्लेट वर्षातून एकदाच पेटीबाहेर येई, नरहरीरावांच्या तिथीला. ब्राह्मण जेवून उठले की घरची पानं मांडण्याआधी ती लावायची, अशी सासऱ्यांनी घातलेली चाल होती. गाण्याच्या शेवटी मंगल, म्हणजे कीर्तन संपवायचं शुभ पद, होतं. श्राद्धाच्या दिवशी मंगल कानावर पडू नये, म्हणून ते सुरू झालं की सासरे सुई उचलत. त्यांच्यामागे सेतुराव उचलू लागले. थोडक्यात, ती प्लेट त्या घरात शेवटपर्यंत कोणी कधी ऐकलेलीच नव्हती.

त्या वर्षी त्यांच्या ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली आणि सेतुरावांनी रायरांना त्यांचं मशीन घेऊन बोलावलं. अंबुबाईंना 'देशावरची पोर' बघायची होती, म्हणून मीही गेले. सेतुराव शाळेत गणित शिकवत. मोजकं बोलणारा, कडक सोवळ्याचा माणूस. प्लेटीला चंदनाचं बोट लावून, तुळशीपत्र ठेवून त्यांनी ती स्वतःच मशीनवर मांडली. रायरांना ती नखाने वाजवायला मिळाली नाही की तिरपी धरायला मिळाली नाही. त्यांचं काम फक्त किल्ली देऊन सुई ठेवण्याचं.

कोवळा, उंच आवाज होता. दिंडी, मग साकी. मराठी उच्चार तमिळ वळणाचे, पण तंजावरी मराठी तशीच असते, त्यामुळे कोणाला कधी शंका आली नव्हती. अंबुबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. प्रत्येक शब्दाच्या जरा आधी त्यांचे ओठ हलत होते.

मंगल सुरू झालं. सेतुराव हळूच म्हणाले, "उचला, मामा."

रायरांनी बोट वर केलं.

"मामा, मंगल नको आज. उचला."

ते बोट काही खाली येईना. मला माझं दूध आठवलं. सेतुराव हात पुढे करणार तोच गाणं संपलं आणि तो कोवळा आवाज ओरडून म्हणाला, "अरुणाचलम भागवतर, माय नेम!"

सुई खरखरत राहिली. रायरांनी ती उचलली, प्लेट खिडकीशी नेली, भिंग लावलं. कोणी थांबवायच्या आत बोलूनही मोकळे झाले. "लेबलावर एक आंकडा छापला आहे, लाखेंत त्याच्या पुढचा. दोघे एके दिवशीं गायले असणार, एकामागून एक. जर्मनींत लेबलांची अदलाबदल झाली. हा नरहरीराव नव्हे."

"एक हात पुढे केला असता तर झालें असतें, मामा!" सेतुराव ओरडले. "एक हात!"

"तो नांव सांगत होता रे. मी काय करूं?"

"पुन्हा ह्या घराची पायरी चढूं नका."

अंबुबाई उठल्या, पदर खोचला आणि केळीची पानं धुवायला लागल्या.

परतीच्या गाडीत रायर दोनदा 'सही शेवटींच असते' असं पुटपुटले. माझा संयम सुटला. मी म्हटलं, "तुमची सही घेऊन काय चाटायचीय? तुम्ही त्या बाईचा नवरा आज दुसऱ्यांदा मारलात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग सबंध वाटभर खिडकीबाहेर.

पुढे मी एकटीच अधूनमधून पापनाशमला जाऊ लागले. मला अंबुबाई आवडल्या होत्या. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या आपण होऊन बोलल्या.

"पोरी, घरांत वडीलधारीं माणसें. ते मजशी बोलले असतील तें किती? चार शब्द. ते कुठेंतरी जवळ होते माझ्या. मग प्लेट आली. दर वर्षीं ऐकून ऐकून हाच त्यांचा आवाज म्हणून मनांत बसला. खरा जो होता, तो ह्यानें पुसून टाकला. आतां हाही त्यांचा नव्हे म्हणतात." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मजकडे कांहींच राहिलें नाही ग."

घरी आल्यावर मी हे शब्द रायरांना जसेच्या तसे सांगितले. ते कॉफी पीत होते. टंबलर खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मग म्हणाले, "लेबलें बदललीं तर दोन्हीं बदललीं, अम्मा. एकच कशी बदलेल? अरुणाचलमाच्या लेबलाखालीं नरहरीराव आहे. कोठेंतरी आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाकीचा सगळा नाद सोडला. लोक प्लेटी दाखवायला आणत, ते बघतसुद्धा नसत. आधी त्यांनी या अरुणाचलमाचा माग काढला. तो तमिळ हरिकथावाला. तिकडचे सगळे हरिकथावाले मराठी दिंडी-साकी गात, तसा तोही गाई. बायको-मुलं नव्हती. म्हातारपणी कुंभकोणमच्या एका धर्मशाळेत वारला, मागे रडायला कोणी नाही. प्लेट तर नाहीच नाही.

मी हे अंबुबाईंना सांगितलं. पुढच्या तिथीला प्लेट वाजली नाही. पण त्यांनी सेतुरावांना एक पिंड जास्त ठेवायला लावला, ज्यांना कोणी नाही त्यांच्या नावाने ठेवतात तो. सेतुरावांनी कपाळाला आठ्या घातल्या तेव्हा म्हणाल्या, "इतकीं वर्षें तिथीला आपल्या घरीं येऊन गेला. आतां त्याला दारांतून परत पाठवूं?"

शोध चारेक वर्षं चालला. उन्हातान्हात रायर कीर्तनकारांची घरं, लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्यांची दुकानं, भंगाराचे ढीग पालथे घालत. बसने धुळीने माखून परत येत. मी विचारत नसे, चेहऱ्यावरूनच कळे. मधल्या काळात माझी थोरली मुलगी झाली, चालायला लागली, आणि रायर आले की तीसुद्धा घागरीखाली वाकून बघायला शिकली.

मी तेव्हा गाणं शिकायला सुरुवात केली होती. तंबोऱ्याला खोळ शिवायची होती, म्हणून तिरुवैयारूच्या एका शिंप्याकडे गेले. तो वाद्यांच्या खोळीच शिवत असे. सोबत म्हणून रायर आले होते. माझं माप घेऊन झाल्यावर शिंप्याने आधीचं काम पुढे ओढलं. मृदंगाच्या खोळीला टोकाशी गोल तोंड लागतं. त्याने कापडावर एक काळी चकती ठेवली आणि कडेने खडू फिरवला.

"तें जरा इकडे," रायर म्हणाले.

चकती बापाच्या वेळेपासून दुकानात आहे, एवढंच शिंप्याला ठाऊक होतं. लेबल केव्हाच झिजून गेलं होतं. रेघांत खडू भरलेला, कडेला एक टवका उडालेला. रायर ती घेऊन उजेडात गेले, तिरपी केली, भिंग डोळ्याला लावलं. मग तिथेच दुकानाच्या ओट्यावर बसले आणि दोन्ही वस्तू माझ्यापुढे धरल्या.

"तुम्ही वाचा. मज दिसत नाही."

मी वाचलं. पापनाशमच्या लेबलावर जो आकडा छापला होता, तोच. माझा आवाज ऐकून त्यांनी मान हलवली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिंप्याला तेवढ्याच मापाची लाकडी चकती सुताराकडून करवून दिली.

रिठ्याच्या पाण्याने आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने त्यांनी ती प्लेट रेघ न रेघ साफ केली. मला वाटलं, आता लावतील. चार वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली ते ऐकायची इच्छा कोणाला होणार नाही? पण त्यांनी ती फडक्यात गुंडाळून ठेवली.

"आधीं त्यांनीं ऐकायची," म्हणाले. "आणि अशी दुसरी मिळायची नाही. एक बोट आली, तेवढ्याच."

तिथीच्या दिवशी आम्ही पापनाशमला गेलो. गाडीच्या धक्क्यांनी तडकू नये म्हणून रायरांनी प्लेट वाटभर हातावर तोलून धरली होती. दारात सेतुराव उभे होते. ते बाजूला होईनात, रायर पुढे जाईनात. आतून अंबुबाईंचा आवाज आला, "येऊं दे त्यांना."

ब्राह्मण उठले होते. रायरांनी नवा काटा कापून लावला. मी अंबुबाईंच्या शेजारी चौकटीशी बसले. प्लेट फिरू लागली. कडेच्या टवक्यामुळे आरंभी प्रत्येक फेऱ्याला 'टक' असा आवाज येत होता. मग गाणं सुरू झालं. आवाज जाडसर, किंचित घोगरा. त्या दुसऱ्या कोवळ्या आवाजाशी काही साम्य नाही. मी अंबुबाईंकडे पाहिलं आणि घाबरले. त्या ओळखत नव्हत्या. ओट्यावर अनोळखी पाहुणा येऊन बसावा आणि त्याचं नाव विचारायचा संकोच वाटावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. ओठ हलत नव्हते. एवढ्या खटाटोपानंतर मी आतल्या आत देवाचा धावा करत होते की निदान काहीतरी आठवू दे.

मंगल सुरू झालं. सेतुरावांचा हात सवयीने पुढे गेला.

"राहूं दे रे," अंबुबाई म्हणाल्या.

मंगल संपलं. क्षणभर नुसती खरखर झाली आणि कर्ण्यातून तो माणूस गाणं सोडून साधा बोलला, "तिरुवैयारू नरहरी राव, माय नेम."

"काय रे?" अंबुबाईंनी मान वळवून सेतुरावांना विचारलं.

सेतुराव खांबाला टेकून उभे होते, बोटात अजून दर्भाचं पवित्रक. "मी नाही बोललों, आई."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आम्ही सगळेच बघत राहिलो. तोच जाडसर घोगरा आवाज, शब्दाच्या शेवटी तसाच खाली पडणारा. बापाचा आवाज जन्मात न ऐकलेल्या त्या माणसाच्या गळ्यात तो इतकी वर्षं होता, आणि त्या माउलीने तो रोज सकाळ-संध्याकाळ ऐकला होता.

अंबुबाईंनी पदराने तोंड पुसलं. "दादा," त्या रायरांना म्हणाल्या, "पुन्हा लावा. गाणें नको. बोलले तेवढेंच."

गाण्याच्या मध्ये सुई ठेवणं रायरांना पाप वाटे. त्यांनी काटा उचलला, वाकून बघितलं आणि अगदी शेवटच्या रेघांवर ठेवला.

"तिरुवैयारू नरहरी राव, माय नेम."

"ओ," अंबुबाई म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. पुन्हा काटा ठेवला, पुन्हा तो बोलला, पुन्हा त्या अगदी हळू, नव्या नवरीने घरातल्यांच्या देखत द्यावी तशी ओ देत होत्या. ज्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं, तो ते स्वतःच सांगत होता. रायर परत परत काटा ठेवत होते. बाभळीचा काटा लवकर बोथट होतो. त्यांनी दुसरा लावला, मग आणखी एक. प्रत्येक वेळी आवाज थोडा पुसट होत होता. आणलेले काटे संपले. अंबुबाईंनी हात जोडले नाहीत की आग्रह केला नाही. नुसत्या कर्ण्याकडे बघत बसल्या.

रायरांनी डबी उघडली आणि पोलादी सुई काढली. मी "रायर!" असं म्हटलेलं मला आठवतंय. त्यांनी माझ्यासाठी बोट वर केलं, ते नेहमीचं, आणि सुई बसवून शेवटच्या रेघांवर ठेवली. आवाज घरभर घुमला, मागच्या अंगणापर्यंत. "ओ," अंबुबाई म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्याने. त्या बस म्हणेपर्यंत त्यांनी तीच सुई ठेवली.

प्लेट आम्ही तिथेच ठेवून आलो. गाडीत रायर खिडकीशी बसले होते, मांडीवर रिकामं फडकं.

"शेवट गेला ना प्लेटीचा?" मी विचारलं.

"गेला. लाख पांढरी पडली." आणि जरा थांबून म्हणाले, "आमच्या हिची एक प्लेट असती, तर मींही पोलादच लावलें असतें, अम्मा."

मग अय्यमपेट्टै स्टेशन आलं. त्यांनी फडक्याची घडी घातली.